चाळीस पावलांचं चलन

माझं काम चलनं लिहिण्याचं.
भोसरीत, गेटच्या आत, पत्र्याच्या खोलीत,
सतरा वर्षं.
ओतशाळेतून अजून कोमट असलेलं हाउसिंग
मशीनशॉपला जातं, तिथून पॅकिंगला.
तीन शेड, तीन कंपन्या, तीन रबरी शिक्के.
शिक्क्यांचं पॅड मात्र एकच,
कोरडं पडलं की मीच त्यात शाई घालते.

चलनावर रकाना असतो : वाहन क्रमांक.
मी लिहायचे, हातगाडी.
अंतर : चाळीस पावलं.
ऑडिटरनं हसत खोडलं,
शून्य किलोमीटर केलं.

मधे पिवळी रेघ आहे.
भानुदास टोणपे गाडी ढकलत रेघेवर आला
की पुढची चाकं एका कंपनीत, मागची दुसऱ्या,
आणि भानुदासला तिथे थांबून
घाम पुसायचीही सोय नाही,
दोन्हीकडचे सुपरवायझर बघत असतात.

न्यायालयात युनियनच्या वकिलांनी विचारलं,
'बाई, हा उपक्रम एक आहे की तीन?'
मला उपक्रम म्हणजे शाळेतला माहीत,
वृक्षारोपण वगैरे.
मी म्हटलं, चहाचं पिंप एक आहे.
'त्याव्यतिरिक्त?'
बस एक. पगाराची तारीख एक, सात,
म्हणजे उशीर होतो तोही तिन्हीकडे एकदम.
भट्टी दोन दिवस बंद पडली
तर तिसऱ्या दिवशी पॅकिंगच्या बायका
रिकाम्या खोक्यांच्या घड्या घालत बसतात.
'ऐकीव नको, पाहिलेलं सांगा.'
साहेब, मी त्यांच्यातच बसले होते,
खोके मोजत.

मग कंपनीचे वकील उठले.
'ही सही तुमची?
देणारा वेगळा, घेणारा वेगळा,
असं तुम्हीच लिहिलंय ना?'
हो.
सतरा वर्षांचं माझं अक्षर
टेबलावर गठ्ठ्यानं
माझ्याविरुद्ध बसलं होतं.

एक गोष्ट मी तिथे सांगितली नाही,
कुणी विचारली नाही म्हणून.
टूलरूमचे मुश्ताक शिकलगार,
मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला ज्यांचं बोट अडतं,
आदल्या आठवड्यात खोलीत येऊन म्हणाले,
आमचे अडतीस जण वेगळे ठेवायला सांगा.
तुम्ही तीनशे बारा.
हात वर करायची वेळ आली
तर आम्ही पातेल्यातली मोहरी.
मी रागावले. म्हटलं,
तुम्ही डाय घासता, त्यातूनच तर
आमचं सगळं निघतं की!
'तेच म्हणतोय,' म्हणाले,
आणि चहा न घेता गेले.

रात्री भाकरी थापताना वाटलं,
चुकीचं काय बोलला माणूस?
आमच्या मागण्यांच्या यादीत तेवीस कलमं.
धुलाई भत्ता आहे, रात्रपाळीचं दूध आहे,
पाळणाघर आहे.
हत्यार हा शब्द कुठेच नाही.
यादी मीच लिहिलेली,
चलनं लिहिते त्याच अक्षरात.

न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला.
'वाटाघाटीला कोणी कोणाबरोबर बसायचं
ते आधी ठरू दे,
भत्त्यांचं नंतर.'
पुढची तारीख अठ्ठावीस.

शिवाजीनगरहून भोसरीची बस.
शिकलगारही सुनावणीला आले होते,
मला दिसले ते बसमध्येच.
त्यांच्या शेजारची जागा तेवढी रिकामी होती.
खडकी गेली, आम्ही
मेट्रोचे खांब मोजत राहिलो,
आपापले.

दापोडीला कंडक्टर गर्दीतून पोचला.
'भोसरी? दोन का?'
त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.
त्यांनी खिसा चाचपला,
मी पर्स उघडली.
सुटे कुणाकडेच नव्हते.